घर मातीचे, निर्णय कोणाचा?

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात दर वर्षी जुन्या पुस्तकांची विक्री असते. एका डॉलरला एक पुस्तक. आपल्यापैकी बरेचजण तिथे मुलांसाठी म्हणून जातात आणि स्वतःसाठी पिशवी भरून आणतात. दोन वर्षांपूर्वी त्या ढिगात मला कडा पिवळ्या पडलेले एक पुस्तक मिळाले : 'आर्किटेक्चर फॉर द पुअर'. लेखक हसन फतही, प्रकाशक शिकागो विद्यापीठ, साल १९७३.

मी वास्तुशिल्पी नाही. माझी डॉक्टरेट अभियांत्रिकीतली आणि पोट भरतो सॉफ्टवेअरवर. पुस्तक उचलले ते आतल्या छायाचित्रांमुळे. मातीच्या भिंती, मातीचे छत, त्यांच्या सावलीत बसलेली माणसे. माझ्या आजोळचे घर मातीचेच होते, उमरगा भागातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ते पडले आणि आजी त्यात गेली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. मातीच्या घरांचे कौतुक करणारे लिखाण मी तेव्हापासून हात राखूनच वाचतो.

तरीही या पुस्तकाने मला जिंकले. मग एका फोनने मला परत जमिनीवर आणले आणि पुस्तक पुन्हा वाचायला लावले. या दोन वाचनांतले अंतर हाच या लेखाचा विषय आहे. आपल्यापैकी अनेकांनी देशात, गावाकडे, कोणासाठी तरी घर बांधायला काढले आहे किंवा पुढेमागे काढायचे आहे. 'स्थानिक साहित्य', 'पारंपरिक राहणीचा अभ्यास' हे शब्द हल्ली अशा प्रत्येक गप्पांत येतात. म्हणून वाटले, हे सर्वांपुढे मांडावे.

आधी पुस्तकाचे श्रेय पुस्तकाला देऊ. फतही यांचा जन्म १९०० सालचा, अलेक्झांड्रियाचा. घर सधन. कैरोत ते वास्तुकला शिकले. खेड्याशी त्यांची खरी ओळख उशिरा झाली आणि तिथली घरे पाहून ते हादरले. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता. इजिप्तच्या शेतकऱ्याच्या पायाखाली फुकटची माती आहे, ती विटेच्या रूपाने त्याने हजारो वर्षे वापरली आहे, मग त्याला घर का परवडू नये? उत्तरही साधे होते. भिंती मातीच्या होतात, छत होत नाही. छताला लाकूड लागते आणि इजिप्तमध्ये लाकूड दुर्मिळ. दुसऱ्या महायुद्धात लाकूड आणि पोलाद दोन्ही मिळेनासे झाले, तेव्हा फतहींनी कच्च्या विटांच्या कमानी छताचे प्रयोग केले. ते कोसळले.

१९४१ साली ते दक्षिणेला अस्वानजवळच्या नुबियन वस्त्यांत गेले आणि तिथे त्यांना हवे ते सापडले. तिथले गवंडी लाकडी आधाराशिवाय कमानछत बांधत होते. त्याची रीत अशी. खोलीच्या मागच्या भिंतीवर गवंडी ओल्या मातीने, नजरेच्या अंदाजाने, कमानीची रेघ काढतो. त्या रेघेवर तो विटा जरा मागे कलत्या लावतो, म्हणजे प्रत्येक नवा पदर आधीच्या पदराच्या अंगावर रेलून राहतो. या विटा मुद्दाम पातळ, २५ × १५ × ५ सेंटिमीटरच्या. हलक्या व्हाव्यात म्हणून त्यांत भुसा जास्त. एका अंगावर बोटांनी ओढलेल्या खाचा, म्हणजे चिखल धरून बसतो. खाली एकही फळी नाही. तीन बाय चार मीटरची खोली दोन गवंडी दीड दिवसात झाकतात. लक्सरजवळ रॅमसीस दुसरा याच्या मंदिरामागची कोठारे अशाच कच्च्या विटांच्या कमानींची आहेत. ती तीन हजार वर्षांहून जुनी आहेत.

अभियंता म्हणून मला हा भाग वाचताना जो आनंद झाला तो लपवत नाही. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. योग्य आकाराच्या कमानीत जवळजवळ सगळा दाबच असतो. म्हणजे ज्याला आपण अडाणी गवंडी म्हणतो त्याच्या नजरेत ते गणित बसलेले आहे. फतहींचे मोठेपण हे की गवंड्यांकडून शिकलो, असे ते पुस्तकात मोकळेपणाने सांगतात.

आता गुर्ना. नाईलच्या पश्चिम तीरावर, लक्सरच्या समोर, प्राचीन सरदारांच्या थडग्यांच्या टेकड्यांवर गुर्ना नावाची पाच वाड्यांची वस्ती होती. लोक सुमारे सात हजार. उत्खननावर मजुरी, पर्यटकांची सेवा, नकली मूर्ती आणि अधूनमधून अस्सल मूर्ती विकणे, अशी त्यांची उपजीविका. एका थडग्यातला कोरीव खडकाचा तुकडाच चोरीला गेला, गाजावाजा झाला आणि सरकारने ठरवले की गावच हलवायचा. १९४५ साली पुरातत्त्व खात्याने नव्या गुर्नाचे काम फतहींना दिले. जागा ५० एकर, खाली शेतांत.

त्यांनी जी पद्धत योजली ती आजही नव्या विचाराची वाटावी. सरकारी वसाहतीसारखी एका साच्यातली घरे काढायला त्यांनी नकार दिला. प्रत्येक कुटुंबाचे घर वेगळे असावे, असा आग्रह धरला. गावातल्या नात्यांचा अभ्यास केला. दहा-वीस कुटुंबांची मिळून एक भावकी, तिला तिथे 'बदाना' म्हणतात. त्यांनी प्रत्येक बदान्याला स्वतःचा चौक दिला, म्हणजे लग्नकार्य, सुतक, भांडण, सगळे आपापल्या चौकात. चूल कशी असते, जनावर कुठे बांधतात, पाहुणा कुठवर येतो, बाई कुठून दिसू नये, हे सगळे टिपून घेतले. वास्तुशिल्प्याबरोबर लोकजीवनाचा अभ्यासक हवाच, हे त्यांनी त्या काळात ठासून मांडले. मशीद, बाजार, शाळा, नाट्यगृह बांधले. नुबियन गवंडी आणून गावच्या पोरांना हे काम शिकवायचे ठरवले.

इथवर वाचून मी इतका भारावलो की पुस्तक बाजूला ठेवले आणि मामांना फोन लावला.

मामांचे आताचे घर भूकंपानंतरच्या पुनर्वसनातले आहे, त्याविषयी पुढे सांगतो. शेतात त्यांची थोडी मोकळी जागा आहे. मी म्हटले, मामा, पैसे मी पाठवतो. आपण तिथे मातीच्या विटांचे घर बांधू, कमानींचे. थंड राहील, स्वस्त पडेल आणि आपल्या मातीतले होईल. चार दिवसांत मी नकाशेही काढून ठेवले होते.

मामांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तू ऱ्हाणार का त्यात?"

मी गप्प. मग ते म्हणाले, "भूकंप झाला तवा सरकारनं सांगितलं, सिमिटात ऱ्हा. आता तू सांगतोस, मातीत ऱ्हा. मला इचारणार कवा?"

हा प्रश्न घेऊन मी पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचले. फतहींनी पाहिले पुष्कळ, पण विचारले का? आणि विचारले असल्यास, उत्तर 'नाही' असे आले तर ते मानायची तयारी होती का?

पहिली गोष्ट म्हणजे गाव हलवायचा की नाही, हे गावाला कोणीच विचारले नाही. हा निर्णय सरकारचा, फतहींचा नव्हे, हे मान्य. पण त्यांनी तो गृहीत धरून पुढचे सगळे चित्र काढले. गुर्नाच्या माणसाची भाकरी टेकडीवर होती. पर्यटक तिथे येत, उत्खनन तिथे चाले. नव्या गावाजवळ शेती होती, पण ती याच लोकांना पोसायला पुरणारी नव्हती. फतहींना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी हस्तकलेच्या शिक्षणाची योजना केली, कारागिरांसाठी जागा काढली. म्हणजे लोकांचा धंदा जाणार हे समजल्यावर त्यांनी लोकांसाठी दुसरा धंदाही स्वतःच निवडला.

दुसरी गोष्ट बायकांची. घरात दिवसभर वावरतात त्या बायका. फतही प्रांजळपणे लिहितात की बायकांशी बोलणे रिवाजामुळे शक्य झाले नाही. पण त्या घराचा सगळा विचार मात्र केला गेला. पाण्याचाच प्रसंग घ्या. घरोघरी नळ द्यावा की चौकात पाणवठा असावा, यावर पुस्तकात गंभीर चर्चा आहे. पाणवठ्यावर बायकांना भेटीगाठीची सवड मिळते, तरुणांना मुली नजरेस पडतात, लग्ने जुळतात, नळाने हे सारे जाईल, अशी काळजी फतहींना वाटते. काळजी खोटी नाही. पण डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई या चर्चेत बोलत नाही. माझ्या आजीने आयुष्यभर आडावरून पाणी ओढले. पाणवठ्याच्या गप्पांसाठी नळ नको म्हणणारी बाई मला उमरगा भागात भेटलेली नाही.

तिसरी गोष्ट घुमटांची. वरच्या इजिप्तमधल्या खेड्यांत घरांची छपरे सपाट असतात. घुमट असतो तो पीरांच्या कबरीवर. गुर्नाच्या माणसांना घुमटाखाली झोपणे म्हणजे कबरीत झोपणे वाटले, असे नंतरच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदवले आहे. जे लोक मुळात थडग्यांवरून उठवले जात होते त्यांना नवे घर थडग्याच्या आकाराचे मिळाले! फतहींचे कमानछत ज्यांचे होते ते नुबियन, तिथून सुमारे दोनशे किलोमीटर दक्षिणेचे. माती गुर्नाची होती. छताची परंपरा गुर्नाची नव्हती, निदान जिवंत माणसांची तरी नव्हती.

परिणाम काय झाला? १९४८ पर्यंत गावाचा लहानसा भाग उभा राहिला आणि काम थांबले. गावकरी राहायला आले नाहीत. पुराच्या वेळी बांध फोडून नवे गाव बुडवण्याचाही प्रयत्न झाला. या अपयशाची हकिगत फतही स्वतः सांगतात आणि त्यासाठी लागणारे धैर्य फार थोड्या तज्ज्ञांकडे असते. कागद दाबून ठेवणारे कारकून, उशिरा येणारा भुसा, मंजुरीसाठी महिनेन् महिने अडकलेली बिले, हे त्यांनी इतके छान रंगवले आहे की आपल्याकडे सरकारी खात्यात काम केलेला कोणीही हसत हसत मान डोलावील. पण गावकऱ्यांचे वर्णन करायची वेळ येते तेव्हा हाच लेखक एकदम गरीब होतो. गावकरी विरोध का करतात? तर त्यांना चोरटा धंदा सोडायचा नाही म्हणून. बस्स. एवढ्या बारीक नजरेच्या माणसाला यापलीकडे कारण दिसू नये? माझ्या मते पुस्तकाचा खरा दोष हा आहे. मातीच्या विटेत काही चूक नव्हती.

हे मी मोठ्या तोऱ्यात लिहितो आहे असे वाटू नये म्हणून माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयासाठी परिचारिकांच्या पाळ्या लावणारी प्रणाली मी केली. त्याआधी तीन आठवडे वही घेऊन मी त्यांच्या विभागात बसलो. कोण कोणाला काय विचारते, फोन कधी वाजतो, सगळे टिपले. आमच्या धंद्यात याला हल्ली फार मान आहे. प्रणाली सुरू झाली आणि दोन महिन्यांत फोनशेजारच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावलेला जुना कागदी तक्ता परत आला. मी अहवालात लिहिले, 'वापरणाऱ्यांचा बदलाला विरोध'. खरे कारण वेगळे होते. कागदावर त्या आपसांत पाळ्या बदलून घेत, वरिष्ठांना न विचारता. कोणाचे मूल आजारी, कोणाचा नवरा रात्रपाळीला. हे मी डोळ्यांनी पाहिले होते, वहीत लिहूनही घेतले होते. पण लिहिले होते 'अनियमितता' या मथळ्याखाली आणि माझ्या आराखड्यात ती अनियमितता शिस्तीत बंद करून टाकली होती.

म्हणून मला फतहींचा राग येत नाही, ओळख पटते. निरीक्षण करणाऱ्याला पुष्कळ दिसते. पण दिसलेल्यातले काय ठेवायचे आणि काय काढायचे हे तोच ठरवत असेल, तर लोकजीवनाचा तो अभ्यास अखेर लोकांच्या वतीने घेतलेला दुसरा एक निर्णयच ठरतो.

'स्थानिक साहित्य' या शब्दाचेही असेच आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या या अमेरिकेतच आहे. १९८० साली फतही न्यू मेक्सिकोतल्या अबिक्यू या गावी आले, सोबत नुबियन गवंडी घेऊन. तिथे मुस्लिम वस्तीसाठी मशीद आणि विद्यालय बांधायचे होते. न्यू मेक्सिको म्हणजे कच्च्या विटेचे माहेरच. पण तिथले जुने घर जाड भिंतींचे आणि वर लाकडी तुळयांच्या सपाट छताचे. कारण तिथे डोंगरात लाकूड मिळते. लाकूड नसलेल्या देशाचा उपाय लाकूड असलेल्या प्रदेशात आला. मशीद सुंदर झाली, विद्यालयही झाले. बेतातले गाव मात्र उभे राहिले नाही. ज्या देशात मजुरी महाग तिथे हाताने बांधलेली मातीची भिंत स्वस्त राहत नाही. सांता फे भागात मातीचे अस्सल घर आज पैसेवाल्यांना परवडते. माती गरिबांची की श्रीमंतांची हे मातीवर ठरत नाही, तिच्यामागे लागणाऱ्या हातांच्या किमतीवर ठरते. त्याच वर्षी फतहींना 'राइट लाइव्हलीहुड' पुरस्कार आणि आगा खान वास्तुकला पुरस्कारांतला अध्यक्षांचा विशेष पुरस्कार मिळाला. योग्यच होते ते. पण गौरवाने प्रश्न मिटला नाही.

आता माझ्या आजोळाकडे येतो, कारण फतहींच्या बाजूने आणि विरुद्ध असा दोन्हीकडचा पुरावा तिथे आहे.

१९९३ च्या त्या पहाटे, चारच्या सुमाराला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. भूकंप ६.२ तीव्रतेच्या आसपासचा. या तीव्रतेला एवढी माणसे मरतात ती घरांमुळे. भिंती दीड-दोन हात जाड, दोन अंगांना दगड, मधे भर, सांध्यात माती. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आडवे लांब दगड क्वचितच. वर माळवद आणि त्यावर वर्षानुवर्षे पावसाळ्याआधी टाकलेले मातीचे थर. सगळे साहित्य स्थानिक, सगळी रीत पारंपरिक. विचित्र असे की कित्येक घरांत खणांचा लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती फुटून माणसांवर आल्या. परंपरेनेच वाचवायची सोय केली होती, परंपरेनेच मारले. 'स्थानिक ते चांगले' असे सरसकट म्हणणाऱ्याला मी आमच्या वाड्याचे काय झाले ते सांगतो. आणि फतहींची बिनलोखंडी कमान? गुरुत्वाकर्षणापुढे ती अजोड आहे, पण आडव्या धक्क्याशी तिचे जमत नाही. मामांसाठी काढलेल्या नकाशांत मी ही गोष्ट सोयीस्करपणे विसरलो होतो.

पण नंतर जे झाले त्यातही गुर्ना आहे. ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. मामांचे त्यांतलेच. रुंद सरळ रस्ते, एका मापाचे भूखंड, ओळीने सिमेंटची घरे. एखाद्या शहरी कॉलनीचा आराखडा काळ्या रानात उमटवावा तसा. जुन्या गावात भावकी एका बोळात होती, आता ती चार रस्त्यांवर पसरली. वाडा नाही, ओसरी नाही, कडबा ठेवायला जागा नाही, बैल बांधायला आडोसा नाही. म्हातारी माणसे देवळापर्यंत चालत जायची, आता अंतरच एवढे की घरी बसली. फतहींनी काढलेला बदान्याचा चौक इथे कोणी काढला असता तर? हा विचार मनात येतो आणि त्या क्षणी मी पूर्णपणे फतहींच्या बाजूचा होतो.

त्याच पुनर्वसनाचा दुसरा भाग कमी प्रसिद्ध आहे. ज्या गावांत पडझड कमी होती तिथे लोकांना हलवले नाही. पैसे हप्त्याहप्त्याने घरधन्याच्या खात्यावर दिले, सिमेंट-लोखंडासाठी कुपने दिली आणि बांधकाम त्यांच्यावर सोपवले. अशी लाखाहून अधिक घरे होती. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमून त्यांना दुरुस्तीची तंत्रे शिकवली. त्यांनी ती घरोघर समजावली, अभियंत्यांना प्रश्न विचारले. गुर्नात जिच्याशी बोलणे शक्य झाले नाही ती बाई इथे माप घेत होती. आता गंमत पाहा. जुनी दगडमातीची भिंत मजबूत कशी करावी हे तज्ज्ञांनी शिकवले. अनेकांनी ऐकले, मान डोलावली आणि त्या पैशात शेजारी सिमेंटची एक नवी खोली बांधली. रात्री झोपायला ती, दिवसा वावरायला जुने घर. तज्ज्ञांना हे फारसे रुचले नाही. मला मात्र त्यात मोठे शहाणपण दिसते. दगडमातीची भीती आणि दगडमातीचा गारवा दोन्ही ज्यांनी अनुभवले होते, त्यांनी दोन्हींचा हिशेब करून काढलेला तो तोडगा होता. असा तोडगा कोणत्याही वहीत सापडत नाही, कारण निर्णय हातात आल्यावरच तो सुचतो.

याच वाटेवरचे दुसरे मोठे नाव लॉरी बेकर यांचे. १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मलेला हा माणूस युद्धकाळात मुंबईत बोटीची वाट पाहत असताना गांधीजींना भेटला. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्याचे असावे, हा विचार तिथून आपल्याबरोबर राहिला, असे ते सांगत. पुढे त्यांनी केरळात, विशेषतः तिरुअनंतपुरमला, आयुष्यभर स्वस्त आणि देखणी घरे बांधली. विटा कडेवर उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवायची, म्हणजे सुमारे चौथाई विटा वाचतात. स्लॅबमध्ये ताण न येणाऱ्या भागात काँक्रीटऐवजी कौले भरायची. बेकर कार्यालयात बसून नकाशे काढत नसत. जागेवर, गवंड्यांच्या शेजारी उभे राहून, घरवाल्यांशी बोलत बोलत घर ठरे आणि बांधता बांधता बदले. त्यांच्याही गिऱ्हाइकांत प्राध्यापक आणि सुशिक्षित पुष्कळ होते आणि गरिबाला सिमेंटच्या स्लॅबचे वाटणारे आकर्षण त्यांनाही पुरते जिंकता आले नाही. तरी फरक महत्त्वाचा आहे. बेकर यांच्याकडे येणारा माणूस स्वतःहून येई आणि त्याला नाही म्हणता येई. गुर्नाच्या माणसाला बांध फोडण्याखेरीज 'नाही' म्हणायची दुसरी जागा नव्हती.

गुर्नाची पुढची कथा थोडक्यात. टेकडीवरच्या लोकांना हलवण्याचे प्रयत्न पुढे पन्नास वर्षे चालले. १९९८ साली अशाच एका प्रयत्नात पोलिसांच्या गोळीबाराने चार गावकरी मारले गेले. राजकीय शास्त्राचे प्राध्यापक टिमथी मिचेल यांनी 'रूल ऑफ एक्स्पर्ट्स' (२००२) या पुस्तकात गुर्नाची ही बाजू मांडली आहे. फतही वाचणाऱ्याने ती जोडीने वाचावी. २००६ च्या अखेरीस टेकडीवरची जुनी घरे पाडायला सुरुवात झाली आणि पुढच्या काही वर्षांत जुने गुर्ना जवळजवळ पुसले गेले. इकडे फतहींच्या नव्या गुर्नात उशिरा का होईना लोक राहायला आले होते. मुलांची लग्ने झाली, वर मजला हवा झाला, घुमटावर मजला चढत नाही. भूजल वाढले, भिंतींना क्षार चढला. कितीजणांनी घुमट पाडून विटा-काँक्रीट केले. २००९ मध्ये युनेस्कोने नवे गुर्ना वाचवण्याचा प्रकल्प हाती घेतला. म्हणजे लोकांनी स्वतः बांधलेले गाव सरकारने पाडले आणि लोकांसाठी बांधलेले गाव जगाने लोकांपासून वाचवायला घेतले. फतही १९८९ साली गेले. हे पाहून त्यांना आनंद झाला असता, असे मला वाटत नाही.

तरीही पुस्तक वाचा, असेच मी सांगेन. गरिबाच्या घराला इतक्या प्रेमाने आणि इतक्या गंभीरपणे हात घालणारे लेखन फार थोडे आहे. मात्र ते मातीच्या घराची जाहिरात म्हणून वाचू नका. एका सज्जन, विद्वान, प्रामाणिक माणसाने सगळे पाहिले, सगळे टिपले आणि शेवटचा शब्द मात्र स्वतःकडे ठेवला, त्याची ही हकिगत आहे. आपण परदेशात शिकलेले, चार पैसे बाळगून असलेले, गावाविषयी हळवे लोक. त्याच्याच जातीचे आहोत आपण.

मामांना मी पैसे पाठवले, नकाशे पाठवले नाहीत. त्यांनी त्यातून सुनेसाठी एक स्लॅबची खोली आणि आत नळाची न्हाणी बांधली. उरलेल्यात घरापुढे पत्रा टाकून कडब्याची आणि म्हशीची सोय केली. मागच्या मे महिन्यात मी तिथे होतो. दुपारी ती खोली भट्टीसारखी तापते. मातीची तापली नसती. हे मी मामांना सांगितले नाही. त्यांना ते माझ्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.